बेंगळुरूला भेटलेले तीन गोमंतकीय आणि गोव्यातील मासिक बैठक

अंत्रुजकर (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला राहतो. सहकारी पतसंस्थांना लागणारी सभासद-नोंदणी आणि हिशेबाची प्रणाली तयार करण्याचा लहानसा व्यवसाय मी आणि माझा भागीदार गेली सहा वर्षे चालवत आहोत. मागच्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे पायकॉन इंडिया या, पायथॉन ही संगणकीय भाषा वापरणाऱ्यांच्या परिषदेसाठी बेंगळुरूला गेलो होतो. तेथे घडलेल्या एका गोष्टीमुळे हा धागा काढत आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभा असलेला तरुण फोनवर कोकणीतून घरी कळवत होता की रात्रीच्या बसचे तिकीट मिळाले असून सकाळी तो म्हापशाला उतरेल. मी ओळख करून घेतली, आणि त्याच्यामुळे सायंकाळी मडगावच्या आणखी एकाची गाठ पडली. तिघेही पायथॉनमध्ये काम करणारे, तिघांचेही बरेचसे ग्राहक गोव्यातले, आणि एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी दुचाकीने फार तर तासा-सव्वा तासात पोहोचता येईल अशी आमची गावे. तरीही आमची पहिली भेट पाचशेहून अधिक किलोमीटर दूर जाऊन व्हावी, हे मला परतीच्या संपूर्ण प्रवासात खात राहिले.

परिषदेला जाण्याचा लाभ होतो का, असे अनेक जण विचारतात, म्हणून आधी आमचा अनुभव सविस्तर सांगतो. आमच्या प्रणालीत वर्षभर एक दोष होता. ‘गोऱ्हे’ किंवा ‘कुऱ्हाडे’ अशी आडनावे शोधली की काही सभासद सापडत आणि काही सापडत नसत, आणि पडद्यावर मात्र सापडलेली व न सापडलेली दोन्ही नावे हुबेहूब सारखी दिसत. एका पतसंस्थेत यामुळे एकाच सभासदाची दोन खाती उघडली गेली आणि लाभांशाच्या वेळी ते उघडकीस आले. आम्ही विदागाराची रचना तपासली, फॉंट बदलून पाहिले, पण कारण हाती लागले नाही. बेंगळुरूला एका व्याख्यानानंतर दालनाबाहेर चहा घेताना, भारतीय लिप्यांच्या संगणकीय मांडणीवर काम करणाऱ्या एका गृहस्थांना मी ही अडचण सांगितली आणि त्यांनी दहा मिनिटांत तिचे मूळ दाखवले. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, हा अर्धा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह असते, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असते. कोणत्या कळफलकावरून नाव टंकले त्यानुसार यांपैकी एक तऱ्हा साठवली जाते, आणि माणसाच्या डोळ्याला एकच दिसणारे नाव संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावे होतात. युनिकोडचे ठरलेले प्रमाणीकरण करून घेतले तरी हा भेद मिटत नाही, कारण ते न दिसणारे चिन्ह त्यात जसेच्या तसे राहते. त्यामुळे मूळ नाव जसे आहे तसे ठेवून, शोधासाठी त्याचे एकाच तऱ्हेत आणलेले दुसरे रूप वेगळ्या रकान्यात साठवावे लागते. परत आल्यावर दोन दिवसांत आम्ही ते काम पुरे केले.

हे उत्तर कोठेच लिहिलेले नाही असे नाही, पण आपल्या प्रश्नाला नेमके काय म्हणतात हेच ज्याला माहीत नाही, त्याने शोधावे तरी काय? माझ्या लेखी परिषदेचे खरे मोल चहाच्या टेबलापाशी होणाऱ्या बोलण्यात आहे, कारण व्याख्यानांची चित्रफीत पुढे घरबसल्या पाहता येते.

आता गोव्याकडे वळतो. आपल्याकडे संस्था पुष्कळ आहेत. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासूनचे आहे, झुआरीनगरचे बिट्स पिलानीचे आवार २००४ पासून आहे, एनआयटी २०१० मध्ये आणि आयआयटी २०१६ मध्ये आली. वेर्ण्याला आणि फातोर्ड्याला महाविद्यालयांच्या आवारांत स्टार्टअपना आधार देणारी इन्क्युबेशन केंद्रे आहेत, तर सांखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या आवारात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. राज्याचे पहिले स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये आले आणि २०२१ मध्ये त्याची जागा नव्या धोरणाने घेतली. जी-२० च्या वर्षी, जून २०२३ मध्ये, स्टार्टअप-२० या गटाची बैठकही गोव्यातच भरली. वेर्ण्याच्या मोलबायोचे ट्रूनॅट हे क्षयरोग तपासणीचे यंत्र तर जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले आहे. एवढे सारे असताना फोंड्याच्या, डिचोलीच्या किंवा काणकोणच्या प्रोग्रामरला महिन्यातून एकदा आपल्यासारख्या दहा माणसांसमवेत बसून एखादी अडचण मोकळेपणाने मांडता येईल, अशी नेमाने भरणारी बैठक मला तरी जवळपास मिळालेली नाही. ज्या बैठका मला ठाऊक आहेत त्या बहुतेक पणजी-पर्वरीच्या बाजूला आणि सायंकाळी उशिरा होतात, आणि दोन-चार महिन्यांनी थांबतात.

माझा विचार असा आहे की जो कोणी बाहेरच्या परिषदेला जाऊन येईल त्याने परतल्यावर महिन्याभरात इतरांसमोर बसून तेथे काय मिळाले ते सांगावे, आणि त्या निमित्ताने मासिक बैठक सुरू व्हावी. आपली मते, अनुभव आणि आक्षेप कृपया येथे मांडावेत.

शून्यदिवस

अंत्रुजकर, आपण अगदी मनातले मांडलेत. माझे क्षेत्र सायबर सुरक्षेचे आहे, आणि माझा अनुभव आपल्या उलट असूनही त्याच ठिकाणी येऊन पोहोचतो. नलकॉन ही माहिती-सुरक्षेची आंतरराष्ट्रीय परिषद २०१० मध्ये गोव्यातच सुरू झाली. ‘नल’ नावाच्या खुल्या समुदायातून ती उभी राहिली आणि आज देशोदेशींचे संशोधक तिच्यासाठी गोव्यात येतात. मी मात्र ताळगावात वाढूनही पहिली काही वर्षे तिच्याविषयी केवळ वर्तमानपत्रात वाचत होतो. विद्यार्थिदशेत तिकीट परवडण्यासारखे नव्हते, आणि ज्या वर्षी एका ओळखीच्यांमुळे प्रवेश मिळण्याची शक्यता निर्माण झाली त्या वर्षी महाविद्यालयाने दोन दिवसांची सूट नाकारली. पुढे स्वयंसेवक म्हणून काम केले, तेव्हा प्रथमच आतून पाहायला मिळाले.

तेथे मला सर्वांत जास्त शिकवले ते ‘कॅप्चर द फ्लॅग’ स्पर्धेने. मुद्दाम दोष ठेवलेली प्रणाली समोर दिली जाते आणि तो दोष शोधून आत लपवलेली खूण मिळवायची असते. नलकॉनची हॅकिम ही अशी स्पर्धा आहे, आणि महिलांसाठी विंजा नावाची वेगळी स्पर्धा आहे. हे सांगण्याचे कारण असे की या समुदायाच्या बैठका अनेक शहरांत दर महिन्याला विनाशुल्क होतात आणि त्यांतूनच पुढे परिषदेचे वक्ते घडतात. वर्षातून दोन दिवस पाहुणे येऊन गेल्याने स्थानिक माणूस घडत नाही, तो दोन परिषदांमधल्या महिन्यांत घडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या पतसंस्थांच्या कामाशी निगडित आहे म्हणून लिहितो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. गोव्यातील जेवढ्या लहान कंपन्यांशी माझा संबंध आला त्यांतील बहुतेकांना हे ठाऊक नव्हते, आणि घटना घडल्यावर कोणी कोणाला दूरध्वनी करायचा हेही ठरलेले नव्हते. पहिल्या बैठकीत यावर वीस मिनिटे बोलण्याची माझी तयारी आहे.

वाळपई ते फर्मागुढी

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. सर्वांचे लेखन वाचून आनंद झाला, पण बैठकीची वेळ ठरवताना एका गोष्टीचा विचार व्हावा अशी विनंती आहे. सायंकाळी सहाला सुरू होऊन आठला संपणाऱ्या कार्यक्रमाला माझ्यासारखी मुलगी येऊच शकत नाही, कारण साडेसातनंतर वाळपईकडे जाणारी बस मिळेल याचा भरवसा नसतो. पणजीतील एका कार्यक्रमातून मी दोनदा अर्ध्यातून उठून कदंबा बसस्थानक गाठले आहे, आणि दोन्ही वेळा ज्या भागासाठी गेले होते तोच भाग चुकला. रविवारी बसगाड्या आणखी कमी असतात. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांच्या हे लक्षात येत नाही, यात त्यांचा दोष नाही, पण कोणीतरी सांगितले पाहिजे.

दुसरे असे की पायकॉनसारख्या परिषदेला जायचे तर विद्यार्थ्याला किती खर्च येतो आणि इंग्रजी अस्खलित नसल्यास तेथे अवघडल्यासारखे होते का? माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे. संगणकाच्या भाषा मला जमतात, पण अनोळखी माणसासमोर इंग्रजीत बोलताना शब्द घशातच राहतात.

सासष्टीकर

मी थोडा वेगळा सूर लावतो, कृपया गैरसमज नसावा. कुटबण जेटीवरच्या ट्रॉलरमालकांसाठी इंधन मोजणारे आणि नौकेचे ठिकाण दाखवणारे उपकरण आम्ही तयार करतो. पहिल्या तीन वर्षांत मी चार मोठ्या मेळाव्यांना गेलो. स्टॉलचे भाडे, फलक, हॉटेल आणि प्रवास मिळून दोन लाखांच्या वर रुपये गेले. भेटपत्रिकांनी डबा भरला, पण मागणी एकही आली नाही. गुंतवणूकदारांसमोर पाच मिनिटे बोलण्याची संधी दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा ‘महाराष्ट्र आणि केरळच्या किनाऱ्यावर विस्तार झाल्यावर या’ असे उत्तर मिळाले. याउलट पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, जेव्हा ट्रॉलर बंदरात उभे असतात आणि मालकांना वेळ असतो, तेव्हा मी सलग दोन महिने जेटीवर जाऊन बसलो आणि त्या एका हंगामात अकरा उपकरणे विकली गेली. मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. माझ्या व्यवसायाचा सारा हिशेब त्या एकसष्ट दिवसांवर उभा आहे.

म्हणून नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्याला माझे सांगणे असे असते की परिषदेच्या आधी ग्राहकाच्या दारात जा. मासिक बैठकीला माझा विरोध नाही, पण तेथेही पडद्यावरची सादरीकरणे आणि एकमेकांचे कौतुक एवढेच होणार असेल तर माझा शनिवार जेटीवरच जाईल.

अंत्रुजकर

सासष्टीकर, आपला आक्षेप मला योग्य वाटतो आणि त्यामुळे माझ्याच लेखनातील एक त्रुटी लक्षात आली. ‘परिषद’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक असते व्यापारी प्रदर्शन, जेथे स्टॉलचे भाडे भरून माल दाखवायचा असतो. दुसरी गुंतवणूकदारांची आणि सरकारी पाहुण्यांची शिखर परिषद, जेथे व्यासपीठावरून घोषणा होतात. तिसरी असते काम करणाऱ्यांनी काम करणाऱ्यांसाठी भरवलेली परिषद. पायकॉन इंडिया २००९ मध्ये बेंगळुरूला सुरू झाली तेव्हापासून ती स्वयंसेवकच चालवतात. मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या फॉस युनायटेड या संस्थेची इंडियाफॉस ही परिषदही याच जातीची आहे. ब्रुसेल्सची फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद तर दोन दशकांहून अधिक काळ विद्यापीठाच्या आवारात भरते, तिला प्रवेशशुल्क नाही आणि नावनोंदणीही नाही, दारातून सरळ आत जायचे. आपले दोन लाख पहिल्या दोन प्रकारांत गेले आणि आमच्या प्रणालीतला दोष तिसऱ्या प्रकारात सापडला. ज्याला मागणी हवी आहे त्याने तिसऱ्या प्रकारात जाऊन उपयोग नाही, आणि ज्याला तांत्रिक अडचण सोडवायची आहे त्याने पहिल्या प्रकारात पैसा घालू नये.

आपण जेटीवर बसलात तो अनुभवच मला बैठकीत ऐकायचा आहे. पतसंस्थांच्या कामात आम्हीही तीच चूक केली होती. वर्षअखेरीच्या हिशेबात व्यवस्थापक बुडालेले असताना मार्चमध्ये प्रणाली दाखवायला जात होतो. जूनमध्ये जायला लागल्यावर दारे उघडली.

वाळपईहून लिहिणाऱ्या ताई, खर्चाचे सांगतो. आम्हा दोघांचे जाणे-येणे, दोन रात्रींचा साधा निवास, जेवण आणि प्रवेशशुल्क मिळून वीस हजारांच्या आत भागले. विद्यार्थ्यांना अशा परिषदांत सहसा कमी दराचे तिकीट असते, आणि काही परिषदा गरजूंना प्रवासखर्चासाठी साहाय्यही देतात. त्यासाठी बरेच महिने आधी अर्ज करावा लागतो, आणि ती मुदत बहुतेकांच्या हातून निसटते. इंग्रजीविषयी मी स्वतः आपल्यासारखाच होतो. ज्या गृहस्थांनी मला ‘ऱ’चे कोडे सोडवून दिले त्यांना मी मोडक्या वाक्यांत सांगू लागलो, मग संगणकावर दोन नोंदी शेजारी शेजारी उघडून दाखवल्या, आणि त्यानंतर शब्दांची फारशी गरज उरली नाही. आपली अडचण किंवा आपले काम दाखवता येईल अशा स्थितीत जवळ ठेवून जावे, भाषेचा अर्धा भार हलका होतो.

मयेकाठची

मी डिचोली तालुक्यातून पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. २०२० मध्ये गावी परतले ती येथेच राहिले. मुलगा लहान असल्यामुळे बाहेरगावच्या परिषदेला दोन-तीन वर्षांतून एकदाच जाणे होते, त्यामुळे एकदा जायचे तर पुरेपूर लाभ कसा घ्यावा यावर मी बराच विचार केला आहे.

माझ्या अनुभवात श्रोता म्हणून जाण्यात आणि वक्ता म्हणून जाण्यात फार मोठा फरक आहे. श्रोत्याला ओळखी शोधाव्या लागतात, तर वक्त्याकडे माणसे आपणहून येतात, कारण त्याचा विषय सर्वांना आधीच ठाऊक असतो. व्याख्यानासाठीचा माझा पहिला प्रस्ताव नाकारला गेला होता. त्यात मी ‘मशीन लर्निंगची ओळख’ असा विषय दिला होता आणि त्याच विषयावरचे प्रस्ताव ढिगाने आलेले होते. पुढच्या खेपेस मी आमच्या कंपनीत एका रात्री रांगेतील कामे दोनदा का चालली, ग्राहकांना दुहेरी संदेश कसे गेले, आणि तेच काम पुन्हा आले तरी परिणाम एकदाच व्हावा यासाठी प्रत्येक कामाला वेगळी खूण कशी दिली, एवढाच मर्यादित विषय घेतला. तो स्वीकारला गेला. पायकॉन इंडिया आणि इंडियाफॉस यांसारख्या परिषदांकडे आलेले प्रस्ताव संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात. स्वीकारलेले पाच आणि नाकारलेले पाच शेजारी ठेवून वाचले की निवड समिती काय पाहते ते कोणी शिकवावे लागत नाही.

मोठ्या व्याख्यानाचे धाडस होत नसेल तर लाइटनिंग टॉक असतात. पाच मिनिटांचा वेळ मिळतो, नाव बहुधा त्याच दिवशी नोंदवायचे असते, आणि वेळ संपली की टाळ्या वाजवून थांबवतात. विद्यार्थिनी ताईंना माझा आग्रह आहे की आपल्या बैठकीत त्यांनी पाच मिनिटे मराठीतून किंवा कोकणीतून बोलावे. जो विषय आपल्या भाषेत पाच मिनिटांत मांडता येतो तो पुढे इंग्रजीत मांडणे केवळ सरावाचे काम राहते.

आणि अंत्रुजकर, बैठक दुपारी असावी या मागणीला माझेही अनुमोदन आहे. सायंकाळी सहा ते आठ ही वेळ ज्यांच्या घरी स्वयंपाक दुसरे कोणी करते त्यांच्यासाठीच सोयीची असते.

जुना लिनक्सवाला

धागा दोन दिवस शांतपणे वाचत होतो. माझे वय आता एकसष्ट आहे, आणि या विषयावर न लिहिणे मला शक्य नाही.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यात लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांचा गट होता आणि आम्ही नेमाने भेटत होतो. शाळांना संगणक मिळवून देणाऱ्या गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टचे काम त्याच काळातले. शाळांकडे संगणक नव्हते, आणि मिळत ते वापरून जुने झालेले असत. अशा जुन्या संगणकांना स्वतःची हार्ड डिस्क नसली तरी चालते, एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक मध्यभागी ठेवून बाकीचे जाळ्यातून त्यावर चालवता येतात, हे आम्ही एकमेकांकडून शिकलो. केप्याकडच्या एका शाळेत पहिल्यांदा पाच पडदे एकदम उजळले तेव्हा मुख्याध्यापिका बाई किती तरी वेळ दारातच उभ्या होत्या. त्यासाठी लागलेली बरीचशी माहिती आमच्यापैकी दोघे लिनक्स बॅंगलोर परिषदेहून घेऊन आले होते. ती परिषद २००१ मध्ये सुरू झाली, पुढे तिचे नाव फॉस डॉट इन झाले आणि २०१२ नंतर ती भरली नाही.

आमचा गट का विरला हेही सांगितले पाहिजे. पत्र पाठवणे, जागा मिळवणे आणि प्रोजेक्टर आणणे ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे होती. त्याची बदली झाली आणि तिसऱ्या महिन्यापासून बैठक बंद पडली. त्यानंतर कोणी कोणावर रागावले नाही, सर्वांनी एकमेकांना ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे सांगितले, आणि मग वीस वर्षे गेली. आणखी एक उणीव राहिली ती अशी की बैठकीत काय ठरले, कोणती अडचण कशी सुटली, याची नोंद कोणीच ठेवली नाही, आणि आज मला स्वतःलाच त्यातील निम्मे आठवत नाही. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला आणि दोन वर्षांनी कोकणी विकिपीडिया सुरू झाला, ते मला फार मोठे वाटते, कारण तेथे लिहिलेले टिकून राहते आणि पुढच्याला तेथून पुढे जाता येते. आमच्या बैठकांचे तसे काहीच मागे उरले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की जागा पाहणारा, निरोप देणारा आणि टिपण लिहिणारा अशी तीन माणसे वेगळी असावीत आणि दर तीन महिन्यांनी बदलावीत. टिपण लिहिण्याचे काम पहिले तीन महिने मी करीन.

सासष्टीकर

काकांचे लिखाण वाचून माझे मत बदलले आहे. टिपण राहणार असेल, आणि प्रत्येक बैठकीत निदान एक अडचण सर्वांसमोर मांडून ती सोडवण्याचा प्रयत्न होणार असेल, तर मी येईन. माझी अडचणही आताच सांगून ठेवतो. ट्रॉलर किनाऱ्यापासून दूर गेला की मोबाइलचा संपर्क तुटतो, उपकरण तोवर नोंदी साठवून ठेवते, आणि परत संपर्क आल्यावर सर्व नोंदी एकदम पाठवताना त्यांतील काही दोनदा पोहोचतात. मयेकाठची यांनी लिहिलेल्या रांगेच्या गोष्टीशी याचे साम्य दिसते.

मयेकाठची

साम्य नव्हे, तीच अडचण आहे. प्रत्येक नोंदीला उपकरणावरच क्रमांक द्या आणि तो क्रमांक आधी आलेला असल्यास सर्व्हरने ती नोंद स्वीकारल्याचे कळवून बाजूला ठेवावी. उपकरणाचे घड्याळ चुकत असेल तर वेळेवर विसंबू नका. बाकी प्रत्यक्ष भेटीत पाहू, तुमचे उपकरण मात्र घेऊन या.

शून्यदिवस

ते उपकरण मलाही पाहू द्या. ट्रॉलर कोठे जाळे टाकतो ही मालकाची सर्वांत मौल्यवान माहिती आहे, आणि ती संपर्कातून जाताना कूटबद्ध होते का, हे तपासणे आवश्यक आहे.

अंत्रुजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्यक्तिगत संदेशांतून आलेल्या सूचनाही विचारात घेऊन पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी अडीच ते पाच या वेळेत फोंड्यात होईल. म्हापसा, पणजी, मडगाव आणि डिचोली या चारही बाजूंनी फोंड्याला थेट बस येते, आणि पाचला उठल्यावर वाळपईची बस उजेडी मिळते. आमच्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर पंचवीस माणसे बसू शकतात, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नाही. जागेची जबाबदारी पहिले तीन महिने माझी, टिपणाची काकांची, आणि निरोपांची म्हापशाच्या त्या मित्राने आनंदाने घेतली आहे.

पहिल्या बैठकीत मी बेंगळुरूहून काय आणले ते सांगेन आणि ‘ऱ’ची दोन्ही रूपे उघडून दाखवीन, शून्यदिवस वीस मिनिटे ६ तासांच्या नियमावर बोलतील, आणि उरलेला सर्व वेळ सासष्टीकरांच्या उपकरणासाठी असेल. भाषा मराठी, कोकणी किंवा इंग्रजी, ज्याला जी सोयीची असेल ती. वाळपईच्या ताईंसाठी पाच मिनिटे राखून ठेवली आहेत, मात्र बोलायचे की नाही हे त्यांनी त्या दिवशी ठरवावे.

वाळपई ते फर्मागुढी

मी बोलेन. पावसात आमच्या भागातील कोणता साकव पाण्याखाली गेला हे एकमेकांना कळवण्यासाठी मी गावातल्या लोकांकरिता एक लहान ॲप तयार केले आहे, आणि त्यात गावांची नावे शोधताना तुमच्या ‘गोऱ्हे’सारखाच घोटाळा होतो, असे आता वाटू लागले आहे. माझ्याबरोबर वर्गातील आणखी दोन मैत्रिणी येतील.

जुना लिनक्सवाला

वही घेतली आहे. माझ्याकडे जुना प्रोजेक्टर आहे, त्याला जुन्या पद्धतीची तारच लागते. नव्या लॅपटॉपला जोडायचा अडॅप्टर कोणाकडे असल्यास येताना घेऊन यावा.